नसेची इजा: थांबायचं तर तारीख लावून

प्रश्न पुण्यात सिंहगड रस्त्यावर नव्यानं जनरल प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका डॉक्टरांचा आहे. थोडक्यात असा: हातापायाला मुंग्या, बोटं बधिर, मनगट पडलेलं (वर उचलता येत नाही), पायातून चप्पल निसटते, असे रुग्ण सतत येतात. यातल्या कुणाला त्याच दिवशी पाठवायचं, कुणाला थांबवायचं? पाठवायचं तर ऑर्थोपेडिककडे, न्यूरोलॉजिस्टकडे की आणखी कुणाकडे? आणि पाठवण्याआधी एनसीव्ही, ईएमजी (नसेचं वहन आणि स्नायूतली वीज मोजणाऱ्या तपासण्या), एमआरआय करून घ्यायचे का?

मी हाताची आणि नसांची (म्हणजे मज्जातंतूंची, रक्तवाहिन्यांची नव्हे) शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे उत्तर थोडं त्या बाजूला झुकणार, हे धरून वाचा.

डॉक्टर, 'कुणाकडे' हा तुमच्या प्रश्नातला सोपा भाग आहे, 'कधी' हा अवघड. आमच्याकडे उशिरा पोचणाऱ्या रुग्णांचं निदान बहुतेक वेळा पहिल्याच डॉक्टरांनी बरोबर केलेलं असतं. "नसेला मार लागलाय, येईल हळूहळू" असं सांगून गोळ्या दिलेल्या असतात. हळूहळू म्हणजे किती, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. रुग्ण बिचारा आठ-नऊ महिने इमानेइतबारे वाट बघतो. थांबणं हा नसेच्या इजेत खरोखरीचा उपचार आहे, पण ज्या दिवशी थांबायचं ठरवलं त्याच दिवशी कधीपर्यंत थांबायचं ती तारीखही केसपेपरवर पडली पाहिजे.

यामागचं गणित साधं आहे. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. दुसरीकडे, नसेचा पुरवठा तुटलेला स्नायू १२ ते १८ महिनेच तग धरतो. त्यानंतर नस पोचली तरी स्नायू हलत नाही. कोपराशी कापलेली अल्नर नस (कोपराच्या आतल्या बाजूनं करंगळीकडे जाणारी) घ्या. तिथून हाताच्या छोट्या स्नायूंपर्यंत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर, म्हणजे जवळजवळ १० महिने. ही नस जखमेनंतर सहा महिन्यांनी शिवली तर ती पोचेपर्यंत सोळावा महिना उजाडतो. स्पर्शाचं तसं नसतं, तो उशिराही थोडाफार परत येतो. पकडीची ताकद मात्र गेली ती गेली.

त्यामुळे पहिला प्रश्न: झालं केव्हा, आणि कसं? तारीख काढा. "दिवाळीच्या आसपास" असं मोघम उत्तर आलं तर भाऊबीजेला हात चालत होता का, असं खोदून विचारा. एका क्षणात गेलं, की रात्री झोपेपर्यंत ठीक होतं आणि सकाळी उठल्यावर गेलं, की महिन्यांमागून महिने कमी होत गेलं? दुसरा प्रश्न: तेव्हापासून वाढतंय, कमी होतंय, की जिथल्या तिथे आहे? या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होतो.

आता कापलेल्या जखमा. इथे जरा रेंगाळतो, कारण नुकसान टाळण्याची संधी सगळ्यात जास्त इथेच असते, आणि ती पहिल्या तासात तुमच्याच हातात असते. फुटलेला काचेचा ग्लास, विळी, संक्रांतीच्या दिवसांत मांजा. धारदार वस्तूनं कापलंय आणि कापाच्या पुढचा भाग बधिर आहे किंवा हालत नाही, तर नस तुटली असंच धरायचं. तिथे वाट पाहायची नाही आणि एनसीव्हीही करायची नाही. स्वच्छ कापलेली नस तीनेक दिवसांत शिवली गेली पाहिजे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून ग्राइंडरनं किंवा प्रेसमध्ये चिरडून आलेला हात वेगळा. तिथे नसेची टोकं कुठवर खराब झाली आहेत हे पहिल्या दिवशी समजत नाही. म्हणून सर्जन जखम साफ करतो, टोकं खुणेच्या टाक्यानं अडकवून ठेवतो आणि दुरुस्ती तीन आठवड्यांच्या सुमारास करतो. रुग्ण पाठवायचा मात्र दोन्ही वेळा त्याच दिवशी. जखम न उघडलेल्या, बंद इजेत तीन महिने थांबता येतं. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने, एवढं लक्षात राहिलं तरी खूप झालं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो भुलीच्या इंजेक्शनानं. जखम दिसली की हात आपोआप लिग्नोकेनच्या बाटलीकडे जातो. एकदा ते टोचलं की बधिरपणा जखमेचा की औषधाचा हे कुणालाच सांगता येत नाही. आधी तपासा, लिहा, मग टोचा. तपासायला दोन मिनिटं पुरतात.

स्पर्श तीनच ठिकाणी पाहा: तर्जनीचं टोक मीडियन नसेसाठी, करंगळीचं टोक अल्नरसाठी, आणि हाताच्या पाठीवर अंगठा-तर्जनीमधली बेचकी रेडियलसाठी. बाकीच्या भागात शेजारच्या नसांचा पुरवठा मिसळलेला असतो, त्यामुळे फसगत होते. बोट कापलं असेल तर त्याच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या तपासा, कारण प्रत्येक कडेला स्वतंत्र नस आहे. "कळतंय का?" असं विचारू नका. दाब शेजारच्या भागातून कळतो आणि रुग्ण हो म्हणतो. "या हाताला आणि त्या हाताला सारखंच लागतंय का?" असं विचारा. आणखी एक खूण: बोटाच्या तळव्याकडच्या कापातून रक्ताची चिळकांडी उडाली असेल, तर बोटात नस धमनीपेक्षा तळव्याकडच्या बाजूला असते, म्हणजे पातं धमनीपर्यंत गेलं ते बहुधा नस कापूनच गेलं. ते रक्त थांबवायला आंधळेपणानं आर्टरी फोर्सेप्स लावू नका. गॉज दाबून हात वर धरला की थांबतं. फोर्सेप्सच्या चिमट्यात सापडून चिरडलेली नस आम्हाला नंतर आणखी कापावी लागते.

लहान मूल रडतंय, दारू प्यायलेला माणूस धड बोलत नाही, तिथे साधं बॉलपेन कामाला येतं. पेनाचा गुळगुळीत प्लास्टिकचा भाग बोटाच्या पेरावरून हळूच ओढा. चांगल्या बोटाला सूक्ष्म घाम असतो, पेन किंचित अडखळतं. नस तुटलेल्या बोटाचा घाम थांबलेला असतो, त्यावरून पेन सरकन घसरतं. दोन्ही हातांवर करून पाहा, फरक बोटांना जाणवतो. जखम भरल्यानंतर आलेल्या मुलाचे हात कोमट पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायला आईला सांगा. बधिर बोटाला सुरकुत्या पडत नाहीत.

हालचालीसाठी रुग्णाला ठेंगा दाखवायला सांगा, ही रेडियल. अंगठा आणि तर्जनीचा गोल करून 'ओके'ची खूण, ही मीडियन. बोटं फाकवणं किंवा मधल्या बोटावर तर्जनी चढवणं, ही अल्नर. इथे तीन ठिकाणी फसायला होतं. मनगटाशी मीडियन नस पूर्ण कापली तरी 'ओके' छान होतं, कारण त्या स्नायूंच्या फांद्या वर, कोपराखालीच निघून गेलेल्या असतात. म्हणून तळहात वर करून हात टेबलावर ठेवा आणि अंगठा छताकडे उचलायला सांगा, तुमच्या बोटाच्या विरोधात. दुसरं, रेडियल नस गेलेला रुग्णही बोटांची पुढची पेरं सरळ करून दाखवतो, कारण ते काम हाताच्या आतले छोटे स्नायू करतात. बोटं मुळापासून, म्हणजे मुठीच्या गाठींपाशी उचलली जातात का, ते पाहा. तिसरं, मनगट पडलेलं असताना बोटं फाकवायला जोर लागत नाही आणि अल्नरही गेली असं वाटतं. हात टेबलावर सपाट ठेवून पुन्हा तपासा.

आता बंद इजा. म्हणजे फ्रॅक्चर, गाडीवरून पडणं, दाब, ताण. ब्रिटिश सर्जन सेडन यांनी १९४३ साली नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले, आणि आजही बोलताना आम्ही तेच वापरतो. न्यूराप्राक्सियात आतले धागे शाबूत असतात, फक्त वहन थांबतं. हे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत पूर्ण भरून येतं. ॲक्झोनोटमेसिसमध्ये धागे तुटतात पण वेष्टण टिकून असतं, म्हणून वाढ दिवसाला मिलिमीटरच्या चालीनं आपोआप होते. न्यूरोटमेसिसमध्ये सगळंच तुटतं आणि शिवल्याशिवाय येत नाही. पंचाईत अशी, की पहिल्या दिवशी तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून थांबायचं.

दंडाचं हाड मोडून मनगट पडलेला रुग्ण हे याचं नेहमीचं उदाहरण. अशा दहातल्या सातांची रेडियल नस आपोआप येते. दंडाच्या मध्यापासून पुढच्या पहिल्या स्नायूपर्यंत, ब्रेकिओरेडियॅलिसपर्यंत, अंतर साधारण १० सेंटिमीटर. म्हणजे शंभरेक दिवस. तीन-चार महिने हा आकडा येतो तो इथून. कोपर अर्धवट वाकवून अंगठा वर ठेवून रुग्णाला आणखी वाकवायला लावा आणि तो स्नायू कातडीखाली उठतो का ते दर महिन्याला बोटांनी चाचपा. मनगट उचलायच्या आधी तो जागा होतो. सोबत टिनेल पाहा: नसेच्या वाटेवर बोटानं टिचक्या मारत वर या, जिथे झिणझिण्या पुढे हातात जातात तिथे खूण करा आणि हाडाच्या एखाद्या ठरावीक टोकापासून टेपनं मोजून लिहा. पुढच्या महिन्यात खूण पुढे सरकली असेल तर थांबण्यात अर्थ आहे. तीन महिन्यांत स्नायू जागा नाही आणि खूणही हलली नाही, तर पाठवा. चौथा महिना उजाडू देऊ नका.

बंद इजेतही काही जणांना थांबवायचं नाही. हाड बसवण्याआधी किंवा ऑपरेशनआधी नस चालत होती आणि नंतर बंद पडली, तर त्याच दिवशी सर्जनला फोन. म्हणूनच प्लास्टरच्या आधी 'मनगट वर येतंय, अंगठा वर येतोय' एवढी एक ओळ लिहिलेली असावी लागते. प्लास्टरमध्ये वेदना वाढत चालली आहे, बोटं सरळ केली की रुग्ण ओरडतो, मुंग्या येताहेत, तर नाडी लागते म्हणून समाधान मानू नका. प्लास्टर आणि आतला कापूस थेट कातडी दिसेपर्यंत कापा आणि मग पाठवा. तिथे हिशेब तासांचा आहे. हाडवैद्याकडून घट्ट बांधून आलेल्या मुलांनाही हेच लागू.

आणि ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं. पुण्यात दुचाकी किती आहेत हे मी सांगायला नको. गाडीवरून खांद्यावर पडलेला तरुण, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो, अख्खा हात लुळा. सोबत मांडीचं हाड मोडलेलं असतं, कधी डोक्यालाही मार असतो, आणि मांडी जुळेपर्यंत हाताकडे कुणी बघत नाही. त्या बाजूची पापणी किंचित खाली आलेली आणि बाहुली लहान दिसली, बधिर हातात आग आणि वीज चमकल्यासारख्या कळा येत असल्या, तर नसेची मुळं मज्जारज्जूपासून उपटली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. उपटलेली मुळं कितीही थांबलं तरी परत येत नाहीत. तिथे शेजारची चालती नस वळवून जोडावी लागते. मनगटाकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक धागा कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडण्याची फ्रेंच सर्जन ओबरलिन यांची पद्धत १९९४ पासून आहे आणि चांगली चालते, पण स्नायू जिवंत असेपर्यंतच. असा रुग्ण जीव स्थिरावला की पहिल्या काही आठवड्यांतच प्लेक्ससचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवा. शस्त्रक्रियेची उत्तम वेळ तीन ते सहा महिने. वर्षानंतर आलेल्याला मी खांदा-कोपराबद्दल फारसं काही कबूल करू शकत नाही. बाळंतपणात खांदा अडकून हात लुळा पडलेल्या बाळाचं तसंच: तीन महिन्यांत कोपर वाकवायला लागलं नाही तर पाठवायचं, वर्षाच्या वाढदिवसापर्यंत मालिश करत बसायचं नाही.

एनसीव्ही-ईएमजी. नस तुटली तरी तुटलेला पुढचा भाग काही दिवस वीज वाहून नेतो, स्नायूची बाजू आठवडाभर, स्पर्शाची दहा-अकरा दिवस. त्यामुळे चौथ्या दिवशी केलेला रिपोर्ट नसेचा पुढचा भाग चांगला दाखवतो आणि घरचे निर्धास्त होतात. ईएमजीत स्नायूचा पुरवठा तुटल्याच्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिली तपासणी तीन आठवड्यांनंतर, दुसरी तीन महिन्यांच्या सुमारास. दोन्ही एकाच ठिकाणी केल्या तर तुलना नीट होते. हल्ली उच्च क्षमतेच्या सोनोग्राफीत नस सलग आहे की तुटली आहे हे बऱ्याचदा दिसतं, आणि ती पहिल्या आठवड्यातही करता येते, फक्त नसा बघण्याची सवय असलेला रेडिओलॉजिस्ट हवा.

पाऊल पडलेला, म्हणजे पंजा वर उचलता न येणारा, रुग्ण आला की सगळे कमरेचा एमआरआय काढतात. आधी एक गोष्ट करा. पाऊल आत वळवायला सांगा, तळवा दुसऱ्या पायाकडे. जोर चांगला असेल तर दोष बहुधा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला या बारीक हाडाच्या मानेशी, तिथून पावलाकडे जाणाऱ्या पेरोनियल नसेत आहे. तोही जोर गेला असेल, आणि कुशीवर झोपून पाय उचलताना नितंबाचा जोरही कमी असेल, तर कमरेतल्या पाचव्या मुळाकडे बघा. टाचेचा रिफ्लेक्स (हातोडीनं ठोकल्यावर येणारा झटका) गेला आणि मांडीमागचे स्नायूही कच्चे असतील तर सायटिक, म्हणजे नितंबातून मांडीमागे उतरणारी मोठी नस. मावळात भातलावणी, जुन्नर-खेडकडे कांद्याची लागवड आणि खुरपणी करून उकिडवं बसलेल्या बायांचं पाऊल पडतं ते बहुतेक फिब्युलाशी दबून. अंथरुणाला खिळून वजन उतरलेल्या माणसाचंही तसंच. बसण्याची सवय मोडली, गुडघ्याखालचा दाब गेला की यातले बरेच सुधारतात. तीन महिन्यांची तारीख मात्र इथेही लिहायची. दोन्ही पाय कच्चे, लघवी अडली किंवा बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला, तर तो पाठीचा तातडीचा रुग्ण. त्याला रात्रीसुद्धा पाठवा.

लहान मुलाला ढुंगणावर इंजेक्शन दिलं, ते किंचाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून लंगडायला लागलं, अशीही मुलं येतात. सायटिक नसेला सुई किंवा औषध लागलेलं असतं. लहान मुलांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या, हा धोका उरतच नाही.

आता हळूहळू येणारे आजार. कार्पल टनेलवर (मनगटात मीडियन नस दबण्यावर) फार लिहीत नाही, तुम्हाला येतंच. रात्री हात झटकत उठणारी बाई, करंगळी सोडून बाकीची बोटं बधिर, तळहाताच्या मुळाचा भाग मात्र शाबूत. थायरॉइड आणि साखर तपासा, रात्री मनगटाला पट्टी द्या. अंगठ्याखालचा उंचवटा बसायला लागला असेल तर पट्टीत वेळ घालवू नका, पाठवा.

कुष्ठरोग मात्र विसरायचा नाही. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर निर्मूलन जाहीर झालं, म्हणजे रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. रोग गेला असा त्याचा अर्थ लावून आपण चाचपणं सोडून दिलं. करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं झालेला, पाऊल पडलेला, हाताला तव्याचा चटका बसून फोड आला तरी कळलं नाही असं सांगणारा रुग्ण आला, की कोपर वाकवून आतल्या हाडामागच्या खाचेत बोट फिरवा. जाड झालेली अल्नर नस सुतळीसारखी बोटाखाली सरकते आणि दुखते. मग फिब्युलाच्या मानेशी, आतल्या घोट्यामागे, आणि मान दुसरीकडे वळवून कानाखाली. दोन्ही बाजू तुलना करून. मग शर्ट काढायला लावून पाठ-कंबर उजेडात पाहा, फिकट किंवा तांबूस चट्टा आहे का, त्यावर कापसाचा स्पर्श कळतो का. काही रुग्णांत चट्टा नसतोच, फक्त नसा धरलेल्या असतात. तिथे त्वचेचा स्मिअर निगेटिव्ह येतो आणि निदानासाठी नसेचा छोटा तुकडा काढावा लागतो. म्हणून दोनपेक्षा जास्त नसा गेलेल्या रुग्णाला 'डबल क्रश' (एकच नस दोन जागी दबली), 'सर्व्हायकल' (मानेचा दोष) अशी लेबलं लावण्याआधी एकदा हात फिरवा.

कुष्ठरोगाचं औषध, एमडीटी (अनेक औषधांचा एकत्र कोर्स), सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. पण तुमच्या हातातली खरी तातडी वेगळी आहे: नस अचानक दुखायला लागली किंवा गेल्या सहा महिन्यांत जोर-स्पर्श कमी झाला, तर ती रिॲक्शन (शरीराच्या प्रतिकारशक्तीनं नसेला आणलेली सूज) असते, आणि वेळेवर स्टेरॉइड मिळालं तर गेलेलं बरंचसं परत येऊ शकतं. एमडीटीचा कोर्स पूर्ण झाल्यानंतरही रिॲक्शन येते, त्यामुळे "माझं औषध संपलंय" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. निदान सांगताना दार लावून घ्या. बाहेर बाकावर त्याच सोसायटीतले लोक बसलेले असतात.

दोन्ही पायांना मोज्यासारखा बधिरपणा म्हणजे साखर, हे समीकरण बरोबर असलं तरी अपुरं आहे. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि कंपन तपासायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क टेबलावर ठेवा, दोन्ही मिळून फार खर्च नाही. पुण्यात बी१२ ची कमतरता किती आहे हे केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं कधीच दाखवून दिलं. त्यात मधुमेहासाठीचं वर्षानुवर्षांचं मेटफॉर्मिन आणि रोजची ॲसिडिटीची गोळी, यांनी ती आणखी वाढते. कंपन आणि बोटाची दिशा कळत नाही, डोळे मिटले की झोक जातो, टाचेचा रिफ्लेक्स गेलाय पण गुडघ्याचा मात्र उसळतोय, तर बी१२ बघाच. बी१२ मोजायला रक्त काढायचं ते त्याची इंजेक्शनं सुरू करण्याआधी. आपल्याकडे निम्म्या रुग्णांनी कुठून तरी 'ताकदीचं इंजेक्शन' आधीच घेतलेलं असतं आणि मग आलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. टीबीच्या औषधावर असेल तर आयसोनियाझिडबरोबर पायरिडॉक्सिन (बी६) चालू आहे का ते पाहा. दारू विचारा, केमोथेरपी विचारा, एचआयव्ही तपासा. मधुमेह असूनही एकाच बाजूला जास्त, पायाआधी हाताला, किंवा बधिरपणापेक्षा ताकद आधी गेली, तर साखरेवर ढकलू नका, न्यूरोलॉजिस्टकडे पाठवा. आज एक पाऊल पडलं, पंधरा दिवसांनी दुसऱ्या बाजूचं मनगट, सोबत ताप, वजन घटलेलं, वेदना प्रचंड, तर रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. त्याला आठवड्यानंतरची अपॉइंटमेंट देऊ नका, दाखल करा.

गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार, तुमच्या भागात मी सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यातून रुग्ण येऊ लागले आणि बघता बघता संशयितांची संख्या दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. साथ नसतानाही हा आजार येतच असतो, म्हणून एवढं: जुलाबानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी दोन्ही पाय जड, जिन्यावरून चढता येत नाही, मुंग्या, पाठ दुखते, आणि गुडघ्याचा-टाचेचा रिफ्लेक्स मिळत नाही, तर त्याच दिवशी आयसीयू असलेल्या रुग्णालयात. एनसीव्ही आणि पाठीच्या पाण्याची तपासणी पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकते, त्यावर विसंबून घरी ठेवू नका. पाठवण्याआधी उताणं झोपवून मान उचलायला सांगा आणि एका श्वासात मोजायला लावा. वीसच्या आतच दम लागला तर स्वतःच्या गाडीनं नको, १०८ बोलवा.

औषधांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मिथाइलकोबालमिन हा बी१२ चाच एक प्रकार, ती बी१२ कमी असलेल्यासाठी चांगली गोष्ट आहे. तुटलेली नस त्यानं जुळत नाही. प्रीगाबालिन वेदना कमी करतं, नसेवरचा दाब नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला रात्री बाथरूमला जाताना पाडतं, म्हणून कमी डोसनं सुरू करा. याउलट साधी पट्टी कुणी देत नाही. मनगट पडलं तर ते वर धरून ठेवणारी कॉक-अप स्प्लिंट, पाऊल पडलं तर पावलाला आधार देणारा एएफओ, आणि रोज सगळे सांधे दुसऱ्या हातानं पूर्ण हलवणं. नस दहा महिन्यांनी पोचली आणि तोवर सांधे आखडून गेले, तर सगळ्यांचीच मेहनत पाण्यात. बधिर हाताला गरम भांडं, बधिर पायाला दगड टोचतो हे रुग्णाच्या बायकोला किंवा आईला सांगा, ऐकणारी बहुधा तीच असते.

कुणाकडे? कापलेली किंवा चिरडलेली नस आणि प्लेक्सस: हॅण्ड सर्जन किंवा मायक्रोसर्जरी करणारा प्लास्टिक सर्जन. फ्रॅक्चरबरोबरची इजा: ज्यानं हाड बसवलं तोच आधी, तीन महिन्यांनंतर आत्ताच सांगितलेले नसांचे सर्जन. इजेशिवाय आलेला, पसरणारा किंवा दोन्ही बाजूंचा त्रास: न्यूरोलॉजिस्ट. जाड नसा: त्वचारोगतज्ज्ञ किंवा कुष्ठरोगाचं काम करणारं केंद्र. पैशांची अडचण असेल तर सरकारी ससून रुग्णालय आहे, पिंपरी-चिंचवडकडच्यांना महापालिकेचं वायसीएम, कामगार असेल तर ईएसआयसीचं कार्ड आहे का ते विचारा. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून मगच रुग्णाला पाठवा. तिथून परत आलेला माणूस बऱ्याचदा पुन्हा जात नाही.

चिठ्ठी अर्ध्या पानाची पुरते. इजेची तारीख आणि तऱ्हा, कामाचा हात कोणता, काम काय, पहिल्या दिवशी काय चालत होतं आणि आज काय चालतं, स्नायूंचा जोर ० ते ५ मध्ये, टिनेल कुठे आणि किती सेंटिमीटरवर, आधी ऑपरेशन झालं असेल तर त्याच्या नोंदीची झेरॉक्स. हाताचा फोटो जोडलात तर उत्तमच. 'नर्व्ह इंजुरी, प्लीज डू द नीडफुल' या चिठ्ठीवरून पुढच्याला काहीच कळत नाही.

एमआरआयचं राहिलं. पन्नाशीपुढच्या मानेचा एमआरआय काढला की कुठे ना कुठे डिस्क फुगलेली दिसतेच, आणि मग मनगटातला दोष मानेवर ढकलला जातो. मान किंवा कंबर दुखून कळ हातापायात उतरत असेल, दोन्ही पाय कच्चे असतील, रिफ्लेक्स उसळत असतील, तर जरूर काढा. प्लेक्ससमध्येही लागतो, पण तीन-चार आठवड्यांनी, सूज ओसरल्यावर, आणि तो कसा काढायचा हे सर्जनलाच ठरवू द्या. बाकीच्यांना आधी पाठवा.